केळीच्या मळ्यात ट्रॉलीची लाईन: लोखंडी स्लीपरवर रूळ कसे बसवायचे

आमचा मळा सावदा-रावेर पट्ट्यातला, जमीन काळी. ज्याने श्रावणात काळ्या जमिनीतून केळी काढलीय त्याला पुढचं सांगायची गरज नाही. ट्रॅक्टर बांधावरच थांबतो, आत घातला तर त्याला ओढायला दुसरा ट्रॅक्टर लागतो, आणि माणूस २०-२५ किलोचा घड खांद्यावर घेऊन गाऱ्यातून चालत येतो, त्यात घड दहा ठिकाणी घासतो आणि व्यापारी नेमके तेच डाग बघतो. म्हणून आम्ही मळ्याच्या मधून रस्त्यापर्यंत १८० मीटरची ट्रॉली लाईन टाकली, बारीक रूळ, लोखंडी स्लीपर (रुळांखाली आडवे टाकतात ते), आणि हाताने ढकलायच्या चार ट्रॉल्या.

आयडिया काही माझी नाही भो. फ्रान्समध्ये पॉल दकोव्हिल नावाच्या शेतकऱ्याने १८७५ च्या सुमारास बीटाचं पीक चिखलातून बाहेर काढायला असेच लोखंडी पट्ट्यांवर बसवलेले हलके रूळ वापरले, तिथूनच हे जगभर गेलं. आपल्याकडे छोटी रेल्वे म्हटलं की पाचोरा-जामनेरची पीजे आठवते, तिचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७६२ मिलिमीटर होतं. आमची लाईन त्याहूनही बारकी, ६१० ची.

लाईन टाकणं अवघड नाही, पण रूळ स्लीपरला धरून ठेवायचं काम आम्ही दोनदा केलं, पहिल्यांदा चुकीचं. दुसऱ्यांदा पाचोऱ्याचे एक नाना मदतीला आले, रेल्वेतून कीमन म्हणून रिटायर झालेले, म्हणजे रोज लाईनवर चालत जाऊन चाब्या (रूळ धरणाऱ्या लोखंडी पाचरी) ठोकणारा माणूस. त्यांच्याकडून जे शिकलो ते खाली लिहितोय. हे फक्त आपल्या मळ्यातल्या, वीटभट्टीतल्या किंवा गोडाऊनमधल्या माल नेणाऱ्या लाईनसाठी आहे. माणसं बसवून फिरवायची खेळण्यातली गाडी करायची असेल तर इंजिनिअर गाठा, ते काम वेगळं.

१. आधी कागद, मग लोखंड

जुने रूळ घेताना लोक इथेच फसतात. भुसावळ जवळ असल्यामुळे "रेल्वेचा माल आहे, स्वस्तात देतो" म्हणणारा कोणीतरी भेटतोच. रेल्वेची मालमत्ता बेकायदा जवळ बाळगण्याबद्दल १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि माल तुमच्या शेतात सापडला तर तो आला कुठून हे तुम्हालाच सांगावं लागतं. रेल्वे आपलं भंगार ऑनलाईन लिलावात विकते, म्हणजे खरा माल असेल तर त्यामागे कागद असतोच. हे जमवून ठेवा:

- विक्रेत्याचं जीएसटी बिल, त्यावर "जुने रूळ" असं स्पष्ट लिहिलेलं, नुसतं "भंगार" नको
- त्याने माल लिलावात घेतला असेल तर त्या लिलावाच्या आणि डिलिव्हरीच्या कागदांची झेरॉक्स
- वजनकाट्याची पावती
- तुमचा सातबारा आणि मोजणीचा नकाशा, लाईन स्वतःच्याच गटात आहे हे दिसायला

लाईन पाणंद किंवा शिवरस्ता ओलांडत असेल तर आधी तहसीलमध्ये विचारा. रस्ता अडवल्याची तक्रार करायला शेजारी टपलेलाच असतो, आमच्याकडे तर भाऊबंदच होते.

२. रूळ आणि स्लीपर एकमेकांचे आहेत का ते बघा

लोखंडी स्लीपर म्हणजे उलट्या पन्हाळासारखा दाबून बनवलेला पत्रा, त्यावर रुळाच्या दोन बैठका. लाकडात तुम्ही खिळा कुठेही ठोकू शकता, इथे भोकं आणि कान (रुळाचा पाया धरायला स्लीपरचा वर उचललेला भाग) कारखान्यातच ठरलेले असतात. त्यामुळे रुळाच्या पायाची रुंदी आणि बैठकीची रुंदी जुळली नाही तर काहीच होत नाही.

मला एका व्यापाऱ्याने ९ किलोचे म्हणून जे रूळ दिले (एका मीटरचं वजन ९ किलो, जुने लोक यालाच १८ पौंडी म्हणतात) त्यात सात-आठ तुकडे १५ किलोचे निघाले. लांबून सगळे सारखेच दिसतात, गंजलेले. जाड रुळाचा पाया कानाखाली जात नाही, आणि गेला तरी जोडावर एक डोकं वर एक खाली, ट्रॉली तिथे उडी मारते. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं हत्यार) नसेल तर पत्र्याचा एक साचा कापा आणि माल गाडीत भरायच्या आधी प्रत्येक रुळाच्या पायाला लावून बघा, लाज वाटू देऊ नका.

दुसरा सापळा गेजचा. ६०० आणि ६१० असे दोन्ही प्रकार बाजारात फिरतात आणि दोन्हीला "दोन फुटी" म्हणतात. ट्रॉली एकाकडून, स्लीपर दुसऱ्याकडून घेतले की दहा मिलिमीटरचा घोळ. गेज म्हणजे दोन्ही रुळांच्या डोक्यांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर, मधोमध ते मधोमध नाही. मी पहिल्यांदा मधोमध मोजलं होतं, असो.

३. धरायचे प्रकार, आणि जो करायचा नाही तो

आपल्याकडे हलक्या लाईनवर साधारण तीन प्रकार दिसतात. एक, बाहेरच्या बाजूला स्लीपरचाच वर उचललेला कान आणि आतून बोल्टवर बसणारी क्लिप. दोन, दोन्ही बाजूंनी क्लिप-बोल्ट. तीन, दोन्ही बाजूंना कान किंवा जबडे आणि रुळाच्या पायात आणि त्यांच्यात ठोकलेली निमुळती चाबी. रेल्वेच्या जुन्या लोखंडी स्लीपरवर ही चाबीच असायची, नानांचं सगळं आयुष्य तिच्यामागे गेलं.

चौथा प्रकार गावातला वेल्डर सुचवतो: "कशाला बोल्ट भाऊ, टाका मारून देतो, हलणार नाही." आम्ही पहिले २४ मीटर असेच केले. रुळाचं पोलाद साध्या अँगल-चॅनलसारखं नसतं, त्यात कार्बन जास्त असतो, नीट तापवून न घेता टाका मारला की टाक्याच्या शेजारची जागा काचेसारखी कडक आणि ठिसूळ होते. त्यात मेमध्ये रूळ लांबायला बघतो, जानेवारीत आखडायला बघतो, आणि प्रत्येक स्लीपरला चिकटवलेला असल्यामुळे त्याला जागाच नाही. जानेवारीत एका पहाटे पाणी द्यायला गेलो तर दोन ठिकाणी पायाला केसासारखी तडा, बरोबर टाक्याच्या कडेला. नाना आले तेव्हा त्यांनी बोट लावून बघितलं आणि एवढंच म्हणाले, रूळ धरायचा असतो, जखडायचा नसतो.

४. सामानाचा हिशोब

आमचा हिशोब देतो, तुमच्या लांबीप्रमाणे बदलून घ्या. ६ मीटरचे रूळ, १८० मीटर लाईन, म्हणजे ३० जोड्या, ६० रूळ. ९ किलोने वजन ३,२४० किलो. एका जोडीखाली ८ स्लीपर, एकूण २४०. सगळे स्लीपर बाहेरून कान आणि आतून क्लिपचे धरले तर प्रत्येक स्लीपरला २ क्लिपा, २ बोल्ट, म्हणजे प्रत्येकी ४८०. आम्ही ५३० घेतल्या, आणि ते बरं झालं कारण गवतात पडलेला नट सापडत नाही. जोड ५८, त्याला ११६ फिशप्लेट (दोन रुळांची टोकं जोडणाऱ्या पट्ट्या) आणि २३२ बोल्ट.

हत्यारं: दोन लांब दांड्याचे पाने (बोल्टच्या मापाचे, अ‍ॅडजस्टेबल नको, नट गोल होतात), दोन-तीन किलोचा हातोडा, दोन पहारी, लोखंडी ब्रश, गुण्या, लेव्हल, दोरी, टेप, जाड हातमोजे. आणि गेजपट्टी, ही स्वतः करा. चौकोनी पाईपला ६१० वर दोन खुंट्या वेल्ड करा, थंड झाल्यावर परत मोजा कारण वेल्डिंगने पाईप ओढला जातो. आमची पहिली पट्टी थंड झाल्यावर ६०७ भरली होती.

५. खालचा पाया

यावर एक वेगळा लेख होईल, इथे थोडक्यात. काळी माती पावसात फुगते, उन्हात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, तिच्यावर सरळ स्लीपर ठेवले तर पहिल्याच पावसाळ्यात लाईन सापासारखी. फूटभर माती काढा, मुरूम भरून दाबा, वर खडी, आणि दोन्ही बाजूंना पाणी जायला चर.

लोखंडी स्लीपर पोकळ असतो हे लक्षात ठेवा. नुसता खडीवर ठेवला की तो कडांवर उभा राहतो आणि मधे हवा. वजन आलं की वर-खाली होतो, आणि तुम्ही कितीही बोल्ट पिळा, आठ दिवसांत सगळे ढिले. पोकळीत बारीक खडी कोंबून भरायची, विशेषतः बैठकीच्या खाली. बोल्ट ढिले होतात म्हणून लोक बोल्टला शिव्या देतात, दोष बहुतेक वेळा खालच्या पोकळीचा असतो.

स्लीपरला खालून डांबरी काळा रंग द्या. बैठकीवर मात्र जाड थर नको, तो नंतर दबतो आणि तेवढी क्लिप सैल पडते. बैठक ब्रशने घासून चकचकीत ठेवा, गंजाची पापुद्री राहिली तरी तोच प्रकार होतो.

६. स्लीपर मांडणं आणि पहिला रूळ

जोडाच्या दोन्ही बाजूंना २०-२० सेंटिमीटरवर एकेक स्लीपर, म्हणजे जोडाच्या दोन स्लीपरांत ४० सेंटिमीटर. बाकीचे ८० वर. जोड हा लाईनचा सगळ्यात कमजोर भाग, तिथे आधार जवळ हवा.

बोल्ट खालून घालायचा प्रकार असेल तर तो स्लीपर ठेवायच्या आधी घाला. हसू नका, आम्ही ४० स्लीपर मांडून, खडी भरून मग बघितलं. टी-डोक्याचा बोल्ट असेल तर तो वरून खाचेत घालून पाव फेरा फिरवला की अडकतो, तो नीट आडवा झालाय का ते बघा, अर्धवट अडकलेला बोल्ट पिळताना ठीक वाटतो आणि ट्रॉली गेली की सुटतो.

आता दोरी बांधून एकच बाजू आधी पूर्ण सरळ करा. दोन्ही रूळ एकदम सरळ करायला गेलं तर दोन्ही वाकडे होतात. पहिला रूळ बैठकीत ठेवा, पहारीने बाहेर ढकला, पाया बाहेरच्या कानाखाली पूर्ण गेला पाहिजे. मग आतून क्लिप. बाहेरच्या बाजूला पक्का कान का, तर चाकाची आतली कड रुळाला सतत बाहेर रेटत असते, तो रेटा कानाने घ्यायचा, बोल्टने नाही. काही लोक उलटं बसवतात, कान आत क्लिप बाहेर. सरळ लाईनवर चालून जातं, वळणावर पहिल्या महिन्यात कळतं.

७. क्लिप पिळायची पद्धत

क्लिपचं एक टोक रुळाच्या पायावर, दुसरं स्लीपरवर टेकलं पाहिजे, मधे बोल्ट. दोन्ही टोकं टेकलेली नसतील तर क्लिप उलटी आहे. उलटी क्लिप बसते, पिळली जाते, दिसतेही बरी, फक्त धरत नाही. नटाखाली स्प्रिंग वॉशर घाला आणि आट्यांना ग्रीस, म्हणजे दोन वर्षांनी सुटेल तरी.

क्रम असा: आधी जोडाजवळचे आणि मधला एक स्लीपर हाताने घट्ट, मग दुसरा रूळ ठेवून गेजपट्टी लावायची, पट्टी दोन्ही खुंट्यांना टेकेल पण अडकणार नाही इतपत, मग प्रत्येक स्लीपरवर पट्टी लावून पाना. पट्टी एका स्लीपरवर लावून पुढचे चार अंदाजाने पिळायचे नाहीत. सगळे बोल्ट पहिल्या फेरीत चारातले तीन भाग पिळा, पूर्ण नाही, ट्रॉली फिरल्यावर सगळं आपल्या जागी बसतं, मग शेवटचा भाग. पान्याला पाईप लावून जोर करू नका, बोल्ट ताणला जातो आणि ताणलेला बोल्ट परत ढिलाच होत राहतो.

८. चाबीचे स्लीपर मिळाले असतील तर

आमच्या लाईनचा शेवटचा तुकडा असल्या स्लीपरवर आहे, म्हणून हेही सांगतो. चाबी निमुळती असते, ठोकत जाल तशी रुळाच्या पायाला दाबत जाते. आतली आणि बाहेरची चाबी कमी-जास्त ठोकून गेज दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे करता येतो, बोल्टपेक्षा हा फायदा. पण आधी गेजपट्टी, मग हातोडा.

दिशा महत्त्वाची. भरलेली ट्रॉली ज्या बाजूला जाते, रूळ वर्षभरात हळूहळू त्याच बाजूला सरकतो. चाबी त्याच दिशेने ठोकली तर सरकणारा रूळ तिला आत ओढतो, उलट ठोकली तर बाहेर काढून टाकतो. मोठ्या रेल्वेतही डबल लाईनवर चाबी गाडीच्या दिशेनेच ठोकायचे. आमचा भरलेला माल कायम रस्त्याकडेच जातो म्हणून सगळ्या चाब्या रस्त्याकडे. तुमच्याकडे भरलेली गाडी दोन्हीकडे जात असेल तर आळीपाळीने.

किती ठोकायची? नाना म्हणाले, "चाबी बोलस रे भो, कान दे." ढिल्या चाबीचा आवाज भद्द येतो, बसलेली टण्ण वाजते. टण्ण झाल्यावर अजून दोन घाव घालायचा मोह होतो, तिथेच कान तडकतो, आणि कान तडकला की स्लीपर भंगार. झिजलेल्या कानात चाबी बसत नसेल तर पत्र्याची पट्टी घालून बसवा, जाडी सगळीकडे सारखी नसेल तर गेज पळतो.

९. जोडातली फट

खान्देशातल्या उन्हात हे विसरलात तर सगळं वाया. मेमध्ये हवा ४५ च्या पुढे जाते, उन्हातला रूळ हवेपेक्षा बराच जास्त तापतो, ६५ अंश धरून चाला. पोलादाचा ६ मीटरचा रूळ ४० अंशाच्या फरकाने पावणेतीन मिलिमीटर लांबतो. मी फेब्रुवारीत सकाळी, रूळ साधारण २५ अंशाला असताना बसवले, आणि प्रत्येक जोडात ३ मिलिमीटरचा पत्र्याचा तुकडा ठेवून मग क्लिपा पिळल्या. मेमध्ये दुपारी बसवत असाल तर फट जवळपास शून्य ठेवा, हिवाळ्यात ती आपोआप उघडेल. पत्र्याचे तुकडे नंतर काढा, मोजून काढा.

फिशप्लेटला ग्रीस लावा आणि बोल्ट घट्ट करा पण मरणाचे घट्ट नको, रूळ तिच्यात सरकला पाहिजे. फिशप्लेट जाम असेल तर फटीचा उपयोग काय.

१०. वळण

रूळ स्लीपरवर बसवताना पहारीने ओढून वाकवू नका, क्लिपा त्याला धरतात पण तो सतत सरळ व्हायला बघतो आणि बरोबर जोडावर कोन काढतो. आधी जिम क्रो म्हणतात त्या स्क्रूच्या वाकवणीने वाकवून घ्या, भाड्याने मिळाली तर उत्तम. वळणावर गेज ३ ते ६ मिलिमीटर सैल ठेवावा लागतो, नाहीतर ट्रॉलीची चाकं अडकतात. शक्य असेल तर वळणच टाळा.

११. करंट

हे शेवटी लिहितोय पण सगळ्यात आधी करा. लोखंडी रूळ, लोखंडी स्लीपर, सगळं एकमेकांना जोडलेलं, म्हणजे १८० मीटरची एकच तार. मोटारीची केबल रुळावरून गेली आणि चाकाखाली सोलली तर मळ्याच्या दुसऱ्या टोकाला ट्रॉली ढकलणाऱ्या माणसाला शॉक बसेल. केबल रुळाखालून पाईपमधून न्या किंवा उंचावरून. डुकरांसाठी लावलेलं झटका मशीन रुळापासून लांब. लाईनला दोन ठिकाणी अर्थिंग द्या आणि मोटारीच्या बोर्डात करंट गळला की बंद पडणारा ब्रेकर बसवून घ्या, हे काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच.

१२. पहिलं वर्ष

आधी रिकामी ट्रॉली हळू ढकलत न्या आणि एकाने मागे वाकून चालत स्लीपर हलतोय का बघायचं. मग अर्धी भरून, मग पूर्ण, आमची २० घडांची भरते, ट्रॉलीसकट साडेसहाशे किलोच्या आसपास. पहिल्या दिवशी संध्याकाळी सगळे बोल्ट, मग १५ दिवसांनी, मग पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर. पावसानंतर पाना लावायच्या आधी पोकळीतली खडी भरा, उलट केलं तर परत करावं लागतं.

ड्रिपमधून पांढरा पोटॅश सोडत असाल तर नळीची गळती लाईनजवळ राहू देऊ नका. त्यातलं क्लोराईड लोखंड खातं, आणि गंज सगळ्यात आधी बोल्टच्या भोकाभोवती लागतो. आमचे सहा स्लीपर असे गेले, सगळे एकाच फुटक्या नळीखालचे.

आणि पाना, हातोडा, गेजपट्टी आणि ओंजळभर नट एका डब्यात पहिल्या ट्रॉलीवरच बांधून ठेवा. घरी ठेवलं तर ढिला दिसलेला बोल्ट "उद्या बघू" होतो.